एकशे बारा वेळा पाहिलेला व्हिडिओ

माझी धाकटी नणंद शिलाई मशीन दुरुस्त करते. घराची पुढची खोली म्हणजेच तिचं दुकान. रविवारी दार ओढून घेऊन ती दुरुस्तीचे व्हिडिओ करते. त्यातला एक दोन मिनिटांचा: तेल सोडा, स्क्रू आवळा, झालं. तो नव्वद हजार वेळा पाहिला गेलाय. दुसरा चौदा मिनिटांचा. मशीन टाके का सोडतं, ते एकेक भाग उघडून दाखवणारा. दोन आठवड्यांत त्याचा आकडा एकतीस.

"वहिनी, महिनाअखेर शंभर झाले नाहीत, तर हा डिलीट. पुढे सगळे दोन मिनिटांचेच," तिने जाहीर केलं. बोलली हसतच, पण त्या चौदा मिनिटांपायी तिचे तीन रविवार गेले होते.

पंधरा दिवसांनी ती नाचतच स्वयंपाकघरात आली. "एकशे बारा! लोकांना कळतं गं, चांगलं काय ते!"

माझा भांडी विसळणारा हात थांबला. ते लोक मला माहीत होते. ते पाळण्यात होते.

माझी लेक सहा महिन्यांची. दुपारी तिला दुसऱ्या कशाने झोप येत नाही, आत्याच्या मशीनची खडखडच लागते. आत्याचं मशीन बंद असलं की मी तोच व्हिडिओ फोनवर लावून पाळण्याशेजारी ठेवायचे. संपला की आपोआप पुन्हा सुरू. प्रत्येक फेरीला आकडा एकाने वाढतो, हे तोवर माझ्या गावीही नव्हतं.

तिचा फुललेला चेहरा बघून मी पुन्हा भांडी विसळायला लागले. पण ती पुढच्या, वीस मिनिटांच्या व्हिडिओची जुळवाजुळव करायला लागली, तेव्हा राहवेना.

"अगं, त्यातले ऐंशी तरी तुझ्या भाचीचे आहेत. झोपवताना तोच लावते मी."

तिला आधी उमगलंच नाही. मग म्हणाली, "म्हणजे माझी एकुलती एक चाहती, आणि तीही बघता बघता घोरते?" हसता हसता तिचं तोंड एवढंसं झालं. बोट डिलीटकडे वळलं.

"थांब. त्या नव्वद हजारांतल्या कुणाचं मशीन तरी सुरू झालं का?"

आम्ही प्रतिक्रिया वाचायला बसलो. बदाम, टाळ्या, 'मस्तच ताई'. सतरा जणींनी विचारलं होतं, कुर्ता कुठून घेतला? मशीनबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

"मग चांगला कुठला, ते कळायचं कसं?"

"मी करून बघते ना."

मला मशीनमधलं ओ की ठो कळत नाही. तिने एक मशीन मुद्दाम बिघडवलं, काय केलं ते सांगितलं नाही, आणि लेकीला मांडीवर घेऊन स्टुलावर बसली. मदत करायची नाही, असं ठरलं.

दोन मिनिटांच्या व्हिडिओने हात तेलाने माखले. टाके सुटतच राहिले. चौदा मिनिटांचा मी नऊ वेळा थांबवला, आणि हळूहळू मशीनच्या पोटात काय चालतं ते दिसायला लागलं. मजा यायला लागली. सुई बदलायच्या जागी मात्र घोडं अडलं. व्हिडिओ मागे नेला, पुन्हा तिथेच.

"सुईची चपटी बाजू कुठल्या अंगाला?"

"सांगितलंय की त्यात!"

"सांगतेस कुठे, 'अशी' म्हणतेस. आणि नेमका तेव्हा तुझा अंगठा आड येतो."

ती वाकली. तेवढाच भाग तिने तीनदा पाहिला. "अरेच्चा! एकशे बारा वेळा पाहिला गेला, आणि कुणी बोललं नाही?"

"ऐंशी वेळा पाहणारीला बोलताच येत नाही, बाई."

शेवटी ठरलेलं मोडून तिने माझ्या हातातली सुई नुसती फिरवली. मी पाय मारला. टाके एका रेषेत पडायला लागले, एकही न सुटता. माझ्या हातून!

तिने लेकीला पाळण्यात ठेवलं, मंगळवार असून दुकानाचं दार ओढून घेतलं आणि फोन माझ्या हाती दिला.

"डिलीट नाही करणार?"

"करणार. नवा चढवला की जुना डिलीट. तू डाव्या बाजूने धर. आणि मी 'अशी' म्हटलं की तिथेच टोक मला."