व्हर्डेलआई वाट बघतेय

निवडणूक जवळ आली हे कळायला आमच्याकडे कॅलेंडर लागत नाही. न्यू हेब्रॉन चर्चच्या दारात ग्रेडन व्हिटलॉकची टाचणीसारख्या टोकदार नाकाचे बूट दिसले की समजायचं. एरवी हा माणूस दोन-दोन वर्षं आमच्या रस्त्याला फिरकत नाही. आला की मात्र असा मिठ्या मारत सुटतो, जणू काही माहेरी आलाय.

चर्चची कागदपत्रं माझ्याकडे असतात. आठवडाभर मी शाळेच्या स्वयंपाकघरात राबते, रविवारी उपासनेआधी दाराशी टेबल मांडून बसते आणि नवीन पाहुण्यांकडून कार्ड भरून घेते. नाव, पत्ता, तुमचं चर्च कुठलं, तुमचे पाळक कोण, आणि शेवटी: आमच्याकडे पहिल्यांदाच आलात का? व्हिटलॉकने झोकात 'हो'वर खूण केली. मी टेबलाखालचा पत्र्याचा डबा उघडला. त्यात त्याची आधीची तीन कार्डं होती, आणि तिन्हींवर हीच खूण.

"अर्लीन," आमचे पाळक टिलरी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तो डबा बंद कर. पाहुणा आहे."

"चौथ्यांदा पाहुणा?"

"तुझ्या तोंडाला जरा कुलूप घाल, बाई. देवाच्या दारात बसली आहेस."

टिलरी माणूस वाईट नाही, पण भिडस्त. चर्चपुढच्या रस्त्यावर व्हिटलॉकने एकदा डांबर टाकून दिलं होतं, तेव्हापासून ते त्याच्याशी बोलताना मान जरा खालीच ठेवतात.

माझा राग डांबराचा नव्हता. चर्चच्या मागे आमचा हॉल आहे. अठ्ठावन्न वर्षं आमच्या वस्तीचं मतदान त्या हॉलमध्ये झालं. मागच्या वर्षी काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, मंडळाने खर्च वाचवायचा म्हणून ते केंद्र बंद केलं आणि अकरा मैलांवरच्या एका व्यायामशाळेत नेलं. तिकडे बस जात नाही. पाच जणांचं मंडळ, दोन विरुद्ध, तीन बाजूने. तिसरा हात अध्यक्षाचा होता, आणि अध्यक्ष होता ग्रेडन व्हिटलॉक. आता त्याला वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये जायचं होतं, आणि गणित असं होतं की काळ्या माणसांच्या मतांशिवाय ते जमत नव्हतं. आमची मतपेटी पळवून तो आमच्याकडे मतं मागायला आला होता.

हॉल बंद झाला तेव्हा वस्तीतले सगळे चिडले, माझी आई मात्र गप्प झाली. आई म्हणजे मिसेस व्हर्डेल स्टोक्स, वय अठ्ठ्याऐंशी. वस्तीतली पोरंटोरंच काय, चर्चचा कारभार बघणारे म्हातारे डीकनसुद्धा तिला व्हर्डेलआई म्हणतात. तरुणपणी तिने गोऱ्यांच्या घरी धुणंभांडी केली. तिथे सहा वर्षांचं पोरसुद्धा तिला नुसतं 'व्हर्डेल' म्हणायचं आणि तिने त्या पोराला 'साहेब' म्हणायचं. आम्हाला मताचा हक्क मिळाला त्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत ती या हॉलमध्ये गेली. टेबलावरच्या माणसाने यादी बघून मोठ्याने नाव वाचलं, "मिसेस व्हर्डेल स्टोक्स." सरकारी कागद हातात धरून कोणी तिला मिसेस म्हणण्याची ती पहिली वेळ. ती गोष्ट तिने मला शंभरदा सांगितली आहे, आणि शंभरही वेळा तिचा आवाज भरून आला आहे.

तर त्या रविवारी गायन सुरू झालं. व्हिटलॉकही टाळ्या वाजवत होता, सगळ्यांच्या टाळ्या पडून गेल्यावर त्याची एक. मागच्या बाकावर पोरी पंख्याआड तोंड लपवून हसत होत्या. मग पाळकांनी त्याला तीन मिनिटं दिली.

"तुम्ही मला परके नाही," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "मला वाढवलं तेच मुळी एका काळ्या बाईने. रूबीने. ती आमच्या घरातलीच होती. माझ्या आईइतकीच मला जवळची."

पहिल्या बाकावरून आईचा आवाज आला. "तिचं आडनाव काय होतं?"

व्हिटलॉक हसला. "रूबी. आम्ही सगळे तिला रूबीच म्हणायचो."

"ते ऐकलं मी. आडनाव विचारलं."

चर्चमध्ये हातपंख्यांची हालचाल थांबली. व्हिटलॉकने सोबत आणलेल्या आपल्या प्रचाराच्या माणसाकडे पाहिलं. तो माणूस हातातला कागद खालीवर करू लागला, जणू रूबीचं आडनाव त्यात छापलेलं असणार. इतकी वर्षं त्या बाईने याचं नाक पुसलं, आणि याला तिचं आडनाव ठाऊक नाही! मला इतका संताप आला की पाहुण्यांची पेन्सिल माझ्या हातात मोडली.

"खूप जुनी गोष्ट आहे," तो म्हणाला, आणि मग त्याने घोडचूक केली. व्यासपीठावरून उतरून तो आईजवळ आला, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "पण तू ओळखत असशील की तिला, व्हर्डेल."

व्हर्डेल. तू. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईला, तिच्याच चर्चमध्ये, तिच्याच लेकीसमोर! बाकाबाकांवरून एकच "हंऽऽ" निघाला. आमच्याकडे एवढा लांब "हं" निघाला की शहाण्या माणसाने टोपी उचलून घर गाठावं. व्हिटलॉकला वाटलं, लोक भारावले.

आईने त्याचा हात खांद्यावरून दोन बोटांनी उचलला आणि त्याचा त्याला परत दिला. "मला मतदानाचं सांगा," ती म्हणाली. "हॉल तुम्ही बंद केला. मला गाडी चालवता येत नाही. अकरा मैल जाऊ कशी?"

"तो निर्णय मंडळाचा होता..."

"मंडळाला हात किती होते ते मला माहीत आहे. मी जाऊ कशी, ते विचारते."

त्याचा फोटोवाला पुढे सरसावला. कॅमेरा दिसला आणि व्हिटलॉकच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. "मी नेईन तुला!" तो मोठ्याने म्हणाला. "मी स्वतः. मतदानाच्या दिवशी सकाळी सहा वाजता तुझ्या दारात गाडी घेऊन उभा राहीन. हा माझा शब्द आहे!"

त्याच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

"सहा वाजता," आई म्हणाली. "सगळ्यांनी ऐकलंत ना?"

"ऐकलं, व्हर्डेलआई," अख्खं चर्च म्हणालं.

घरी येताना मी तिला म्हटलं, "आई, लबाडाचं आवतण जेवल्याशिवाय खरं नसतं. मी रजा घेते, मीच नेते तुला."

"रजा घे," ती म्हणाली. "पण मी त्याची वाट बघणार. त्याने शब्द दिलाय."

मतदानाच्या दिवशी ती पाच वाजता उठली. जांभळी टोपी, पांढरे हातमोजे, ईस्टरला घालायचा कोट, मांडीवर पर्स. अशी नटून ओट्यावरच्या खुर्चीत बसली. आमचं घर कोपऱ्यावर आहे. वस्तीतून हायवेला जायचं तर आमच्या ओट्यासमोरूनच जावं लागतं, दुसरा रस्ताच नाही. सहा वाजले, सात वाजले. व्हिटलॉकची सावलीसुद्धा दिसली नाही.

साडेसातला डीकन ओटिस फेअरली यांनी गाडी थांबवली. "व्हर्डेलआई, एवढं नटून कोणाची वाट बघताय?"

"ग्रेडन व्हिटलॉकची. मला मतदानाला नेतो म्हणाला होता."

"अजून आला नाही?"

"येईल की. शब्द दिलाय."

डीकननी माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली. लाजेने मेल्यासारखं झालं होतं. माझी आई, जिच्यापुढे पाळक चळाचळा कापतात, ती एका भामट्याच्या नादाला लागून भिकाऱ्यासारखी दारात बसली होती.

आठला केशभूषेच्या दुकानातल्या बायका थांबल्या. नवाला टपालवाला. मग गिरणीतून रात्रपाळी करून आलेले लोक. प्रत्येकाने तोच प्रश्न विचारला आणि प्रत्येकाला तेच उत्तर मिळालं. न्हावी रॉस्को मतदानाला जाणारच नव्हता, "कोणीही आलं तरी आपली हजामत ठरलेली" असं तो गेले महिनाभर सांगत होता. त्याने ओट्याखाली उभं राहून सगळं ऐकलं, दुकानाला कुलूप लावलं आणि गाडीत माणसं कोंबून निघाला. दिवसभरात त्याने तीन फेऱ्या केल्या.

"आई, ऊठ आता," मी दर तासाला म्हणत होते. "गाडी उभी आहे. वीस मिनिटांत पोचू."

"थांब जरा."

दुपारी दोनला फोन वाजला. मी आवाज मोठा करून तिच्या हातात दिला. ओट्यावर तेव्हा सातआठ जण होते.

"नमस्कार! मी तुमचा शेजारी ग्रेडन व्हिटलॉक बोलतोय!"

"कुठे आहात तुम्ही?" आई म्हणाली. "सकाळी सहापासून बसलेय मी."

"तुमचं मत माझ्यासाठी मोलाचं आहे!"

"मग न्यायला या की. चहा दोनदा गार झाला."

"आज मतदान करायला विसरू नका! देव तुमचं भलं करो!" आणि खट्ट. टेप संपली.

रॉस्को पायरीवर बसून हसता हसता रडायला लागला. तासाभरात तो संवाद सगळ्या वस्तीत पाठ झाला होता.

मला हसू येईना. सहा वाजले, अंधारून आलं. सातला मतदान बंद होणार. इतक्या वर्षांत या बाईने एक निवडणूक चुकवली नव्हती. बाबांचं दफन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीही तिने मत दिलं होतं. साडेसहाला मी तिच्यापुढे गुडघ्यावर बसले.

"आई, पाया पडते तुझ्या. त्या हलकटासाठी तुझं मत बुडवू नकोस. त्याला तेच हवंय. म्हणूनच हॉल बंद केला त्याने!"

ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली, पण उठली नाही. मी भिंतीला टेकून रडले. सातचे ठोके पडले तेव्हा तिने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"चल, भूक लागली," ती म्हणाली. तिने पर्स उघडली आणि बायबलमधून एक गोल चिकटपट्टी काढली. वर आमच्या राज्याच्या पीच फळाचं चित्र. मत दिल्यावर मिळते ती. तिने ती कोटाला लावली आणि हाताने दाबली.

मी बघतच राहिले. "हे कधी?"

"दोन आठवड्यांपूर्वी, गुरुवारी. आगाऊ मतदान असतं ना काउंटीच्या कचेरीत. डीकन फेअरलीची बायको घेऊन गेली. तू शाळेत होतीस."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, अर्लीन. तू आज रडलीस ती खरी रडलीस. लोकांनी बघितलं."

"अगं पण मग दिवसभर इथे..."

"मी एक शब्द खोटा बोलले का? त्याने येतो म्हटलं होतं. कोणाची वाट बघता म्हणून लोकांनी विचारलं, मी सांगितलं. मी मत दिलंय का, हे कोणी विचारलंच नाही." तिने पर्स मिटली. "कचेरीतल्या त्या मुलीने मला 'व्हर्डेल' म्हणून हाक मारली. मी म्हटलं, मिसेस स्टोक्स. तिने दुसऱ्यांदाही व्हर्डेलच म्हटलं. हॉलमध्ये असं कधी झालं नाही गं." आणि एवढा वेळ कोरडे असलेले तिचे डोळे भरले.

व्हिटलॉक सहाशे मतांनी पडला. सगळं श्रेय मी आईला देत नाही, दुसऱ्या गावांनीही त्याला चांगलंच ओळखलं होतं. पण आमच्या वस्तीत त्याला एकोणीस मतं मिळाली, आणि ते एकोणीस कोण, याचा शोध आई अजून घेते आहे. उपासना चालू असताना ती मान वळवून एकेका बाकाकडे बघते, आणि निर्दोष माणसंसुद्धा डोळे मिटून प्रार्थना करू लागतात.

जानेवारीत मंडळाचा नवा अध्यक्ष चर्चमध्ये आला. त्याने कार्ड भरलं, 'पहिल्यांदाच' वर खूण केली. मी डबा तपासला. खरंच पहिल्यांदा होता. उपासनेनंतर तो आईपुढे जाऊन उभा राहिला, हातात हॅट.

"हॉलबद्दल बोलायचंय तुमच्याशी," आई म्हणाली. "घरी या. शनिवारी, सकाळी सहाला. मी ओट्यावर बसलेली असेन."

त्याचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला. ओट्याची गोष्ट तोवर काउंटीभर गेली होती.

"येतो," तो म्हणाला. "पावणेसहालाच येतो, मिसेस स्टोक्स."