काकूंना कोणी प्रश्न विचारू नये

वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर मी दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर घेऊन विद्यार्थिनी म्हणून या गावात उतरले. बॅगांचं समजण्यासारखं आहे. कुकर कशाला, याचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं. निरोप देताना आमचे हे म्हणाले, "शिकायला चाललीयेस की संसार थाटायला?" मी म्हटलं, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं!" त्यांना कळत होतं. मलाच कळायला वेळ लागला.

बी.ए. मी घरी बसून केलं होतं. सासूबाईंच्या खाटेशेजारी बसून, त्यांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळत, आणि दवाखान्याच्या बाकांवर पुस्तक मांडीत दडवून. मग चिरंजीव नोकरीला लागले, सासूबाई गेल्या, आणि दुपारी घर असं काही शांत व्हायला लागलं की मी घाबरून एम.ए.चा अर्ज भरला. विषय समाजशास्त्र. प्रवेश मिळाला तेव्हा घरात सगळ्यांनी कौतुक केलं. मी खरंच जाणार आहे हे लक्षात आल्यावर कौतुक थांबलं आणि "गॅसचा नंबर कुठे लिहिलाय?" सुरू झालं.

कॉलेजच्या मागच्या गल्लीत खोली मिळाली. खाली झेरॉक्सचं दुकान, वर आम्ही. दोन पलंग, दोन टेबलं, कोपऱ्यात ओट्यासारखं काहीतरी, आणि एक अर्धवट बंद होणारा नळ. दुसरा पलंग माझ्याच वर्गातल्या एका मुलीचा. माझ्या मुलापेक्षाही लहान. विभागात सगळे तिला 'हरकत' म्हणायचे, कारण कोणी काहीही बोललं की हिचा हात वर: "माझी हरकत आहे." कुकर बघून ती म्हणाली, "काकू, इथे मेस आहे."

"असू दे गं. असावा एक."

त्यावर तिनं हरकत घेतली नाही. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

नव्या गावात रुळणं म्हणजे काय असतं हे मला ठाऊक नव्हतं. लग्न होऊन सासरी रुळले होते तेवढाच अनुभव गाठीशी, म्हणून मी तीच पद्धत वापरली. लायब्ररीत पुस्तकं कुठे मिळतात हे नीट समजायच्या आत गावात चांगला शिंपी कुठे आहे हे मला समजलं होतं. प्लंबर विद्यार्थ्यांना दाद देत नव्हता. मी फोनवर असा आवाज लावला की तो त्याच संध्याकाळी पाना घेऊन हजर. वर्गातल्या लांब केसांच्या मुलाच्या शर्टाचं बटण लोंबत होतं, ते व्हरांड्यातच लावून दिलं. सुईदोरा पर्समध्ये असतोच. सरांची पाठ दुखते हे कळल्यावर खुर्चीला लावायला छोटी उशी शिवून आणली. सर माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. वर्गातल्या सगळ्यांना 'तू' म्हणायचे आणि मला 'आपण'. मला वाटलं, किती पटकन मान मिळाला हो!

आमच्याकडे दर बुधवारी एकानं उभं राहून आपलं काम वाचायचं आणि बाकीच्यांनी त्याला सोलून काढायचं, अशी पद्धत होती. याला चर्चा म्हणत. बटणवाल्या मुलाला तर इतकं सोललं की चर्चा संपल्यावर मला त्याला कँटीनमध्ये नेऊन चहा पाजावा लागला. सर म्हणायचे, "आत्ता बोचलं तर बोचू दे. टर्मच्या शेवटी बाहेरची समिती येईल, ती दया दाखवणार नाही." समितीनं ज्याचं काम मान्य केलं त्याला पुढे प्रबंध लिहायला मिळायचा. ज्याचं नाही केलं त्यानं नुसत्या परीक्षा द्यायच्या आणि घरी जायचं. मला नुसत्या परीक्षा नको होत्या. परीक्षा घरी बसूनही देता येतात, आणि त्या मी दिल्या होत्या.

माझा बुधवार आला. विषय घरचाच होता: दवाखान्यात पेशंटबरोबर येऊन ताटकळणाऱ्या बायका. गावातल्या मोठ्या रुग्णालयात जाऊन मी मुलाखती घेतल्या होत्या. पहिल्या प्रकरणाचं नाव 'प्रतीक्षेचे ओझे'. नावावर मीच खूश होते. मी वाचलं, घसा बसेपर्यंत वाचलं. मग टाळ्या.

सर म्हणाले, "आपण फार आत्मीयतेनं लिहिलंय. छान. पुढचा कोण?"

मी जिना उतरता उतरता ह्यांना फोन लावला. "अहो, एक प्रश्न नाही! कोणाला नावं ठेवायला जागाच मिळाली नाही."

"वा. त्या हरकतनं पण काही नाही विचारलं?"

"तिनं पण नाही."

"आजारी आहे का ती?"

फोन ठेवला, पण ते वाक्य काही कानातून जाईना. हरकत ठणठणीत होती. आदल्याच दिवशी तिनं झेरॉक्सवाल्याशी कागदाच्या जाडीवरून भांडण केलं होतं.

रात्री नेहमीसारखा कुकरमधला गरम भात तिच्या ताटात वाढताना मी विचारलं, "काय गं, माझं कसं झालं?"

"छान झालं की, काकू." हे तिनं ताटाकडे बघून सांगितलं.

"मग हरकत का नाही घेतलीस?"

"सारखी घ्यायलाच पाहिजे का?"

"तू काल भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चित्रावरसुद्धा घेतलीस."

तिनं चमचा खाली ठेवला. मग म्हणाली, "अहो, आमचं ठरलं होतं. काकूंना कोणी प्रश्न विचारायचे नाहीत म्हणून."

"कोणी ठरवलं?"

"सगळ्यांनीच. तुम्ही त्याच्या शर्टाला बटण लावलंत, आता तो काय तुमच्या मुद्द्यांची चिरफाड करणार? आणि मी रोज तुमच्या हातचं गरम गरम खाते. माझं तोंड कसं उघडेल?"

"आता उघड ना."

"आत्ता तोंडात घास आहे," ती म्हणाली, आणि तो फार वेळ चावत बसली.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या खोलीत गेले. "सर, माझ्या पेपरात काय चुकलंय ते स्पष्ट सांगा. रागावलात तरी चालेल."

"छे छे, आपल्यावर काय रागवायचं! या वयात एवढी उमेद ठेवता, आमच्या मुलांना उदाहरण आहात आपण."

"पण समिती माझं वय बघून पास करणार आहे का?"

सर खुर्चीत मागे रेलले. मागे मी दिलेली उशी. "समितीचं बघू हो. आपण टेन्शन घेऊ नका. पाठीला फार आराम आहे बरं का."

बाहेर येऊन मी व्हरांड्यात उभी राहिले. एकेका टाक्यानं, एकेका घासानं मी सगळ्यांची तोंडं शिवून ठेवली होती. विद्यार्थिनी व्हायची भीती वाटली म्हणून काकू होऊन बसले होते. ते येतंच होतं मला, त्याला कुठे प्रवेशपरीक्षा द्यावी लागते! आता समितीपुढे उभी राहिले की पहिल्यांदाच कोणीतरी खरं बोलणार, आणि तेव्हा फार उशीर झालेला असणार.

मग मी निश्चय केला: कोणाचं काही करायचं नाही. दोन दिवस पाळला. तेवढ्यात समोरच्या मुलीच्या स्वेटरची शिवण उसवलेली दिसली आणि मला वर्ग अर्धा सोडून बाहेर जाऊन पाणी प्यावं लागलं. तिसऱ्या दिवशी हरकत सकाळीच कुठेतरी गेली होती. तिच्या बाजूच्या फरशीवर कागदांचे कपटे पडले होते. पलंगाखालपासून दारापर्यंत, लहान-मोठे, काही उलटे, काही एकमेकांवर. मी मनाला सांगितलं, तुझं काय जातंय, वाच गपचूप. वाचायला बसले. अर्ध्या पानावर उठले आणि केरसुणी घेतली.

दुपारी ती आली. दारातच थांबली.

"हे काय केलंत?"

"केर काढला जरा."

"इथे माझे कागद होते!"

"अगं, एकही टाकला नाही. बघ ना, नीट लावून ठेवलेत. मोठे खाली, लहान वर. रबर पण लावलंय."

"काकू, ते माझं प्रकरण होतं!" तिचा आवाज झेरॉक्सच्या दुकानापर्यंत गेला असणार. "कुठला कागद कशाशेजारी येतो ते मी आठवडाभर लावत होते! तुम्हाला कोणी सांगितलं होतं? नाही, मला सांगाच, कोणी सांगितलं होतं? नळ, बटणं, उशा... कोणी मागितलं होतं का? आणि तुमचा पेपरही अगदी असाच आहे!"

मग तिनं तोंडावर हात ठेवला. पण मी सोडणार होते थोडीच!

"असाच म्हणजे कसा?"

"जाऊ दे."

"जाऊ दे काय! असाच म्हणजे कसा?"

"मुलाखतीच नाहीयेत हो त्या! ती बाई तोंड उघडायच्या आत तुम्हीच म्हणता, 'किती त्रास होत असेल ना, तासन्‌तास बसायचं, घरची कामं पडलेली, कंबर धरते, कोणी चहासुद्धा विचारत नाही.' ती म्हणते, 'हो ना.' पुढची बाई, 'हो ना.' तिच्या पुढची, 'खरंय.' अख्ख्या पेपरात एकीचंही धड वाक्य नाही. सगळं तुमचंच. तुम्ही मुलाखती घेतल्याच नाहीत काकू, दिल्यात!"

मला लागलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच लागलं. सासूबाईंनीसुद्धा मला एवढं सुनावलं नव्हतं, आणि त्यांचा त्यात हात धरणारं कोणी नव्हतं. मी उठले, पेपर काढला, पेन्सिल घेतली आणि तिच्यासमोर बसले.

"पहिल्या पानापासून सांग."

"काय?"

"पहिल्या पानापासून. बस इथे. पाणी देऊ का तुला?"

"नको! पाणी नको! मला काहीही देऊ नका!"

तशीच बसवली तिला. राग होता तोवर ती अप्रतिम बोलली. दुसऱ्या पानावर तिचा राग उतरायला लागला, तशी मी म्हणाले, "ते कागद खरं म्हणजे आकारानंच छान दिसतात." लगेच पुन्हा पेटली आणि शेवटच्या पानापर्यंत टिकली. नंतर ती फरशीवर कागद परत मांडायला बसली. मी पलंगावर पाय वर घेऊन बसले, आणि तिनं मागितला तरच हातात कागद दिला. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही मेसमध्ये जेवलो. जेवण वाईट होतं. त्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही, हे माझं त्या टर्ममधलं पहिलं यश.

पुढच्या बुधवारी मी सरांकडे पुन्हा वाचायची परवानगी मागितली. उभी राहून म्हणाले, "लावलेली बटणं मी परत मागणार नाही. आता काय विचारायचं ते विचारा."

कोणी हसलं, कोणी खाली बघितलं. मग हरकतचा हात वर गेला. तिच्या मागून बटणवाल्याचा गेला. तो तर इतका कसून निघाला की मला वाटलं, याला चहा पाजून चूक केली. सुरुवातीला मी प्रत्येकाला उत्तर देत होते, नंतर नुसती लिहून घेत होते. शेवटी सरांनी पाठीमागची उशी काढली, टेबलावर ठेवली आणि ताठ बसले.

"या मुलाखती धरता येणार नाहीत," ते म्हणाले. "एकही नाही. तुम्हाला हवं होतं तेच त्या बायकांनी तुम्हाला सांगितलंय. सगळं पुन्हा करा. महिनाअखेर नवीन आणल्यात तर समितीपुढे पाठवेन. नाही आणल्यात तर नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते अपमानाचंच होतं. आनंद वगैरे पायऱ्या उतरताना झाला, आणि तोही थोडासाच, कारण महिनाअखेर फार लांब नव्हती.

रुग्णालयात गेले तेव्हा बाह्यरुग्ण विभाग भरलेला होता. भिंतीला लागून लांब बाक, वर नंबर दाखवणारा दिवा, मधूनच कोणाचं तरी नाव पुकारणारी नर्स. माझ्याच वयाची एक बाई प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल घेऊन बसली होती. नवरा तपासणीला आत गेला होता. मी ओळख सांगितली, परवानगी घेतली, शेजारी बसले आणि एकच विचारलं, "इथे बसल्यावर काय वाटतं?"

"काय वाटायचं," ती म्हणाली, आणि समोर बघत राहिली.

माझ्या जिभेवर वाक्यांची रांग लागली होती. कंबर, घरची कामं, चहा, सगळी तयार. शिवाय तिच्या फाइलमधले कागद उलटसुलट कोंबलेले होते, ते मला दिसत होते. मी हात मांडीखाली घेऊन बसले. दिव्यावरचा नंबर बदलला. नर्सनं कोणाला तरी हाक मारली, एक म्हातारा उठला, पुन्हा बसला. त्याचा नंबर नव्हता. बाई काही बोलेना. मला वाटलं, संपलं, काहीच मिळणार नाही, जावं घरी. मग वाटलं, मिळालं नाही तर तेच लिहावं लागेल. पण आपण भरून टाकायचं नाही.

बऱ्याच वेळानं तीच म्हणाली, "तुम्ही काही बोलत नाही."

"तुम्ही सांगा ना."

तिनं दाराकडे बघितलं. नवरा अजून आतच होता.

"खरं सांगू? मला बरं वाटतं इथे. घरी मी जरा टेकले की कोणीतरी हाक मारतंच. इथे कोणी उठवत नाही. नंबर लांबचा आला की हे चिडतात. मी मात्र मनातल्या मनात खूश असते. ह्यांना सांगू नका हं."

'प्रतीक्षेचे ओझे' तिथेच, त्या बाकावर, ठार झालं. मी ते लिहून घेतलं, तिच्या शब्दांत, जसंच्या तसं. मान वर केली तेव्हा ती चपला काढून पाय बाकावर घेत होती. फाइल बाजूला ठेवून, पदर सावरून ती माझ्याकडे वळली आणि सांगायला लागली.