सीट बाईची आहे

राजकुमारने वीरेंद्रच्या गळ्यात हार घातला आणि हनुमान मंदिराच्या ओट्यावर टाळ्या वाजल्या, तेव्हा तुलाराम रहांगडाले पायऱ्यांपाशी आपल्या चपला शोधत होता. एक सापडली, दुसरी कोणाच्या तरी बुटाखाली दबली होती. त्याने बूट लाथेने उडवला, चपला पायात घातल्या आणि चालू लागला.

"तुलारामभाऊ, प्रसाद तं घेऊन जा," मागून राजकुमारचा आवाज आला.

"तूच खाय," तुलाराम मागे न बघता म्हणाला.

मोहबोडी हे तुमसर तालुक्यातलं, सिहोऱ्याकडचं धानाचं गाव. वीस वर्षं गावात दोनच गट होते, एक राजकुमारचा आणि एक वीरेंद्रचा. तुलाराम राजकुमारचा माणूस. सभेच्या खुर्च्या लावण्यापासून मारामारीत पुढे होण्यापर्यंत सगळं त्याने केलं होतं. त्याचा धाकटा भाऊ घनश्याम वीरेंद्रकडे गेला, तेव्हा तुलारामने त्याच्याशी बोलणं टाकलं. दोघांची घरं भिंतीला भिंत लागून. घनश्यामच्या मुलीचं लग्न झालं, शेजारच्या अंगणात मांडव पडला, आणि तुलाराम दिवसभर दार लावून घरात बसून राहिला.

आणि आज ओट्यावर ठरलं होतं की निवडणूक बिनविरोध करायची. सरपंचपद यंदा महिलेसाठी राखीव, तेव्हा वीरेंद्रची सून रीना सरपंच. राजकुमार उपसरपंच. आणि गावची बोडी, म्हणजे गावाच्या वरच्या अंगाचा तो लहानसा तलाव, दोघांच्या ओळखीच्या ठेकेदाराला मासे पाळायला. हे शेवटचं राजकुमारने घाईघाईत सांगितलं होतं. लोकांनी त्याच्याही टाळ्या वाजवल्या.

घरी चंदा अंगणात बसून तांदूळ पाखडत होती.

"वीस वर्ष!" तुलाराम उभ्यानेच म्हणाला. "याच्यापायी म्या सख्ख्या भावाशी बोलणं सोडलं. अन् आज त्याच वीरेंद्रच्या गळ्यात हार!"

"हळू बोला. भावजी घरीच आहेत."

"आयकू दे. लोक टाळ्या वाजवून राहिले, सांग! बिनविरोध झाली तं गावाले पंचवीस लाख भेटते म्हणे. कोण म्हणते? तं मोबाईलवर आलं. मासेवाला पाणी अडवून ठेवीन, तं धानाले शेवटचं पाणी कोण देईन? कोणी इचारलं नाही. एवढ्या गावात एक माणूस उभा राहिला नाही."

चंदाने सूप थांबवलं.

"माणूस कसा उभा राहीन?" ती म्हणाली. "सीट बाईची आहे."

तुलाराम चपला काढता काढता थांबला. चंदा पुन्हा पाखडू लागली. जेवताना त्याने तिच्याकडे दोनदा निरखून पाहिलं. तिने भाजी वाढली.

सकाळी ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून दारात उभी होती.

"तुमसरले अर्ज भराले जायचं आहे ना?" तिने विचारलं. "गाडी काढा."

अर्ज भरून आल्यावर तुलारामची छाती दोन बोटं फुगली होती. पानठेल्यावर तो ज्याला त्याला सांगत होता, "म्या उभी केली तिले. म्हटलं, कोणीतरी उभं राहाच लागते." बैलांना पाणी दाखवताना तो भाषण म्हणून बघायचा. भाषण त्याचंच होतं, त्यात चंदाचं नाव शेवटी कुठेतरी यायचं.

अर्ज मागे घेण्याच्या दिवशी सकाळीच राजकुमार आला. एकटाच आला, आणि ओसरीवर तुलारामच्या शेजारी खाली बसला. खुर्ची त्याने घेतली नाही.

"भाऊ, चूक आमची झाली," तो म्हणाला. "तुह्याशी बोलून घ्याले पाह्यजे होतं. आता आयक. सेवा संस्थेत संचालकाची एक जागा आहे. मी अन् वीरेंद्र, दोघंही तुह्यं नाव सांगून राहिलो. तुह्यासारखा जाणता माणूस आत पाह्यजे."

तुलाराम चहा पीत राहिला. वीस वर्षांत राजकुमार त्याच्या ओसरीवर कधी असा खाली बसला नव्हता. जाणता माणूस, हा शब्दही त्याने कधी वापरला नव्हता.

"तुह्यं म्हणणं लोकायपर्यंत पोचलं ना?" राजकुमार उठता उठता म्हणाला. "मंग झालं. वहिनीले दुपारच्या आत घेऊन ये. सही तिचीच लागते."

तुलारामने नाही म्हटलं नाही.

चंदा वावरात होती. कापणी जोरात होती. बायका ओळीने वाकून धान कापत होत्या आणि मागे कापलेल्या धानाच्या कडप्यांच्या रांगा पडत होत्या. तुलारामने गाडी धुऱ्यावर, वावराच्या बांधाशी लावली आणि लांबूनच हाक मारली.

"चल, तुमसरले जाऊन येऊ."

"कायले?"

तो जवळ आला. बायका ऐकत होत्या म्हणून त्याने आवाज खाली घेतला. "अर्ज मागं घेऊन टाकू. आपलं म्हणणं पोचलं सगळ्यायपर्यंत. राजकुमार घरी आला होता. संस्थेत घेतो म्हणते मले."

चंदाने हातातली मूठ कापली, कडप्यावर ठेवली, मग सरळ उभी राहिली.

"राजकुमारभाऊनं मले इचारलं का?"

"मले सांगतलं. मले सांगतलं काय अन् तुले सांगतलं काय, एकच ना?"

"एकच कसं? आपल्या घरात मतं तं दोन आहेत."

पलीकडच्या ओळीत सत्यभामाबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. गावातल्या रोवण्याच्या, म्हणजे धानाची लावणी करणाऱ्या बायकांमध्ये ती सगळ्यांत म्हातारी, आणि तिच्या तोंडाला कोणी लागत नसे.

"भाऊ, तुमाले वाटते तुमी उभी केली तिले," ती म्हणाली. "आमी रोवण्यातच ठरवलं होतं. बाईची सीट आली तं चंदाले उभं करायचं. बोडीची गोष्ट तवाच कानावर आली होती आमच्या."

तुलारामने चंदाकडे पाहिलं.

"मले काहून नाही सांगतलं?"

"सांगणार होते," चंदा म्हणाली. "पण त्या दिवशी तुमीच म्हणाले, एक माणूस उभा राहिला नाही. म्हटलं, बरं झालं. घरातूनच इचार आला." मग तिने पायाजवळच्या बांधीकडे, धानाच्या त्या तुकड्याकडे विळ्याने दाखवलं. "हे धान बोडीच्या पाण्यानं उभं आहे. ज्याले मागं घ्यायचं त्यानं घ्यावं. मले अजून चार ओळी कापायच्या आहेत."

आणि ती वाकली. तिच्याबरोबर सगळ्या बायका वाकल्या. विळ्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला.

तुलाराम धुऱ्यावर बसला. परत जावं तर राजकुमारला काय सांगायचं, आणि इथे बसावं तर कोणाच्या तोंडाकडे बघायचं, ते त्याला कळेना. त्याने गवताची एक काडी तोडली, दातांत धरली, टाकून दिली. ऊन कलायला लागलं. फोन वाजला, त्याने वाजू दिला. पुन्हा वाजला तेव्हा उचलला.

"कुठी आहे तू?" राजकुमार तिकडून ओरडत होता. "सारे इथं वाट पाहून राहिले. वेळ सरत आली."

"ती धान कापून राहिली," तुलाराम म्हणाला.

"मंग?"

तुलारामने समोर पाहिलं. चंदा ओळीच्या शेवटी पोचत आली होती.

"मंग काही नाही. कापणं सरलं नाही अजून."

त्याने फोन खिशात ठेवला, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि कापून पडलेले कडपे उचलून बांधायला घेतले. सत्यभामाबाईने फक्त बांधायच्या दोऱ्या त्याच्याकडे सरकवल्या.

मोहबोडीत निवडणूक लागली.

दुसऱ्याच दिवशी गावात बोलणं फिरलं की चंदाबाईने गावाचे पंचवीस लाख बुडवले. पानठेल्यावर ते सगळ्यांत मोठ्याने घनश्याम सांगत होता. तुलाराम नेमका तिथेच होता. भावाशी बोलायचं नाही म्हणून तो इतरांकडे तोंड करून भांडला. कोणी सांगितलं, कोणत्या कागदावर आहे, तुम्हाला अक्कल आहे का, असं सगळं बोलून झालं. लोक हसले. एक जण म्हणाला, "एवढ्या लोकायच्या मोबाईलवर खोटं कसं येईन?"

तो घरी येऊन दाणकन बसला. "या गावाले काही समजत नाही. यायच्यासाठी काही करणं म्हणजे बोडीत मीठ टाकणं."

"तुमाले तरी मालूम आहे का, पैसे भेटते का नाही ते?" चंदाने विचारलं.

तुलारामने डोकं खाजवलं. खरं म्हणजे त्यालाही माहीत नव्हतं.

"मलेही नाही मालूम," ती म्हणाली, आणि पदर सावरून बाहेर पडली. तुलारामला वाटलं ती विहिरीकडे गेली. मग भिंतीपलीकडून तिचा आवाज आला, आणि तो जागच्या जागी ताठ झाला. इतक्या वर्षांत त्या अंगणात त्याच्या घरचं पाऊल पडलं नव्हतं.

"भावजी, उद्या तुमसरले चालता का माह्यासंग? तुमी म्हणता पैसे भेटते. असं असन तं मले दोष लागन गावाचा. सायबालेच इचारू. तुमच्यासमोर इचारते, मंग मी काही बदलून सांगतलं असं व्हाले नको."

पलीकडे बाज करकरली. मग घनश्यामचा आवाज आला, जरा चाचरतच.

"पहिल्या बसनं जा लागन, वहिनी."

दोघं बसने गेली. सत्यभामाबाईही पिशवी घेऊन चढली. पंचायत समितीत त्यांना बराच वेळ बाकावर बसवून ठेवलं. शेवटी साहेबांनी त्यांचं ऐकून घेतलं आणि सांगितलं की मोहबोडीसाठी असा कोणताही आदेश आपल्याकडे आलेला नाही. घनश्यामने तेच पुन्हा विचारलं, वेगळ्या शब्दांत विचारलं. उत्तर तेच आलं. परत येताना बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत राहिला.

संध्याकाळी पानठेल्यावर कोणीतरी पंचवीस लाखांची गोष्ट काढली.

"म्या इचारून आलो," घनश्याम म्हणाला. "सोता इचारून आलो. काही नाही तसं."

"पण मोबाईलवर..."

"मोबाईल नेऊन दाखव मंग सायबाले. बस सकाळी जाते."

तुलाराम रस्त्याच्या पलीकडे उभा राहून हे ऐकत होता. काल ज्यासाठी त्याने घसा कोरडा केला, ते घनश्यामच्या दोन वाक्यांनी झालं होतं. त्याला राग यायला हवा होता, पण त्याला हसू आलं. त्या दिवसापासून तो चंदाच्या मागे चालू लागला. ती एकेका घरच्या दारात बसायची, पाण्याचं, रस्त्याचं, म्हातारपणाच्या पगाराचं विचारायची आणि ऐकून घ्यायची. माहीत नसेल तर म्हणायची, "मले मालूम नाही, इचारून सांगते." तुलारामला मधे बोलायची उबळ यायची. तेव्हा तो तंबाखू मळायला लागायचा.

मतदानाच्या दिवशी शाळेपुढे बायकांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. काही जणी वावरातून तशाच आल्या होत्या, पायाला माती घेऊन. वीरेंद्र फाटकापाशी हात जोडून उभा होता. त्याचे हात जोडलेलेच राहिले, रांग त्याच्यासमोरून हळूहळू आत जात राहिली.

तुमसरला मतमोजणी झाली. मोहबोडीचं नाव पुकारलं, आकडे वाचले गेले, आणि तुलारामला पहिल्यांदा काही समजलंच नाही. समजलं ते घनश्यामने त्याचा दंड धरला तेव्हा.

"आली ना भाऊ," घनश्याम म्हणत होता. "वहिनी आली. सगळ्या वॉर्डातून आली!"

'भाऊ' हा शब्द दोघांनाही एकदमच ऐकू गेला. घनश्यामने हात सोडला नाही. तुलारामने दुसऱ्या हाताने डोळ्यांतला गुलाल पुसला, जरी गुलाल अजून कोणी उधळला नव्हता.

गावात आल्यावर मात्र गुलालाला सीमा राहिली नाही. सत्यभामाबाई डफड्याच्या तालावर नाचली आणि तिच्या पाठोपाठ रोवण्याच्या सगळ्या बायका. मंदिराच्या ओट्यापाशी राजकुमार हार घेऊन उभा होता.

"वहिनी, शेवटी सीट आपल्याच गटात आली," तो हसत म्हणाला. "बोडीचं आता आपण बसून ठरवू."

चंदाने हार हातात घेतला, नमस्कार केला.

"बसूच," ती म्हणाली. "सारं गाव बसन."

ग्रामसभा शाळेच्या आवारात भरली. पूर्वी ग्रामसभेला पुढे पाच-दहा पुरुष असायचे आणि सह्या नंतर घरोघरी जाऊन घेतल्या जायच्या. आज बसायला सतरंज्या पुरल्या नाहीत. ग्रामसेवकाने पहिला विषय वाचला, बोडी ठेक्याने देण्याबाबत. तुलाराम तयारच होता. तो उठला, घसा साफ केला. "गावकरी बंधू-भगिनींनो, वीस वर्षांपासून..."

"बसा," खुर्चीवरून चंदा म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मंदाबाईचा हात पहिले वर होता."

तुलाराम बसला. मागून कोणीतरी फिसकन हसलं. रोवण्याच्या बायकांतली मंदाबाई उभी राहिली आणि कधी नव्हे ते माणसांपुढे बोलली, अडखळत, बोडीच्या पाण्यावर तिची कोणती बांधी पिकते ते. मग आणखी एक जण बोलला. राजकुमार बोलला. वीरेंद्रही बोलला, त्यालाही कोणी अडवलं नाही. तुलारामची पाळी आली तेव्हा सांगायचं सगळं सांगून झालं होतं. तो म्हणाला, "माह्यं तेच, जे मंदाबाईचं," आणि पुन्हा बसला.

"बोडी ठेक्यानं देऊ नये, असं ज्यायले वाटते त्यायनं हात वर करा," चंदा म्हणाली.

हात वर झाले. बांगड्यांचा आवाज झाला. तुलारामने हात वर केला, शेजारी घनश्यामचाही गेला. चंदा खुर्चीवरून उठून ओळींमधून मोजत येऊ लागली. ती तुलारामपाशी आली, त्याच्या हाताकडे पाहिलं, ओठांतल्या ओठांत एक आकडा म्हटला आणि थांबली नाही, पुढच्या हाताकडे गेली.

मोजणी संपली. ग्रामसेवकाने बोडी ठेक्याने न देण्याचा ठराव लिहून घेतला, लोकांनी हात खाली घेतले, मागे टाळ्या सुरू झाल्या. घनश्यामने भावाला कोपराने ढोसलं.

"झालं ना आता. हात खाली कर."

"करतो," तुलाराम म्हणाला, आणि हात अजून थोडा वेळ वरच ठेवला.