दोन पिशव्या

"इचारा, लालीबाई, काय म्हणते ते," असं म्हणून सदाशिवराव मुठीतले चिंचोके खुळखुळवत लिंबाखाली उभे राहिले.

दारात बसंतीबाई ओढणी नाकाखाली ओढून उभी होती. बंजारा तांड्याची रीतच तशी. सुनेनं परक्या पुरुषाशी थेट बोलायचं नाही. लालीबाईसारख्या जाणत्या बाईच्या कानाशी सांगायचं आणि तिनं ते मोठ्यानं मराठीत म्हणायचं. सदाशिवराव चार हातांवरच उभे होते, पण त्यांना तांड्याच्या गोरबोलीतलं ओ की ठो कळत नसे. बाकी बसंतीबाई बाजारात भल्याभल्यांशी मराठीत हुज्जत घाली. पण घरचा उंबरठा निराळा आणि बाजार निराळा.

सदाशिवराव हे दारव्ह्याच्या देवीलाल शेठचे मुनीम. शेठला तांड्यांसाठी कापडाचं नवं दुकान काढायचं होतं, आणि माणूस असा सावध की ताकही फुंकून पिणारा. आधी विचारा, मग माल भरा, असा त्याचा हुकूम. म्हणून मुनीमजींच्या सायकलला दोन पिशव्या लटकल्या होत्या. फेटिया, म्हणजे तांड्यातल्या बायकांचा भरतकामाचा घागरा, त्याचं कापड, आरसे आणि कवड्या ज्या घराला हव्यात, त्या घराचा चिंचोका लाल पिशवीत. छापील पातळ हवं असेल तर पांढऱ्या पिशवीत.

लालीबाईचा सगळा जीव त्या लाल पिशवीत अडकला होता. नवरा भीमसिंग गेल्यापासून तिचं घर तिच्या सुईवर उभं होतं. आसपासच्या तांड्यांत तिचा टाका नसलेला फेटिया शोधून सापडला नसता. पण अलीकडे बोलावणी कमी झाली होती. बाजारात शेठ स्वतः तिला म्हणाला होता, लाल पिशवी भरली तर दुकानाच्या ओट्यावर तुझी जागा पक्की, बारमाही काम देतो. ती जागा मिळाली तर म्हातारपणी कुणाच्या दारात जायला नको होतं.

पण सकाळपासून घरोघरी एकच ऐकू येत होतं: पातळ. कापसाच्या जिनात कामाला गेलं की लोक बोटं दाखवतात. मोटारीत कंडक्टर हसतो. उन्हात आरसे तापतात आणि निंदताना घागऱ्याचं ओझं होतं. यातलं खोटं काहीच नव्हतं. लालीबाई एकेक उत्तर मोठ्यानं सांगत होती आणि चिंचोके पांढऱ्या पिशवीत पडत होते.

बसंतीबाईही कानाशी तेच म्हणाली. आणि लालीबाईची जीभ वळली.

"फेटिया म्हणते," ती म्हणाली.

बसंतीबाईनं ओढणीआडून एकदा वर पाहिलं. आत जाऊन तिनं दोघांसाठी पाणी आणलं. चिंचोका लाल पिशवीत गेला.

पुढच्या घरी खोटं बोलायची वेळच आली नाही. सोनीबाई आपण होऊन फेटिया म्हणाली, आणि तिच्या शेजारणीही तेच म्हणाल्या. लालीबाईला हायसं वाटलं. म्हटलं, बाया अजून आपल्याच आहेत. मग बेबीताईचं दार आलं. बेबीताई वर्षभरापासून पातळच नेसत होती, आत्ताही निळ्या फुलांच्या पातळातच उभी होती, आणि खालमानेनं म्हणाली, फेटिया.

लालीबाईला लख्ख कळलं. परसातून परसात बसंतीबाईचा निरोप पुढं पळत होता. नवरा गेला तेव्हासुद्धा तिनं कुणाची पसाभर ज्वारी फुकट घेतली नव्हती, आणि आज तांडा तिच्या पदरात एकेक चिंचोका टाकत होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी ती पुढच्या दाराकडं चालू लागली. ओट्यावरची जागा सहजासहजी सोडवत नाही.

शेवटचं घर तिचं स्वतःचं होतं. दारात तिची लेक जमनी उभी होती. होळीनंतर तिचं लग्न, घाटंजीकडच्या तांड्यात. लग्न ठरलेल्या पोरीलाही रीत तीच. कालच तिनं आईच्या मांडीवर डोकं ठेवून लग्नासाठी पातळ मागितलं होतं. तिकडे सगळ्या नव्या सुना पातळ नेसतात म्हणून. लालीबाईनं विषय बदलला होता. जमनी परकरात होती तेव्हापासून शिवत आणलेला फेटिया पेटीत घडी करून ठेवलेला होता.

जमनी कानाशी आली. "फेटिया, याडी," ती म्हणाली. आईला हाक मारताना तिचा आवाज ओला झाला होता.

लालीबाईनं पोरीच्या पाठीवर हात ठेवला.

"पातळ म्हणते," ती मोठ्यानं म्हणाली. जमनीनं तिचा दंड धरला, पण ती थांबली नाही. "आन मुनीमजी, बसंतीच्या घरापासून लाल पिशवीत जे पडले, ते बी काढा. पयले म्या खोटं सांगतलं. मंग त्या मायासाठी खोटं बोलल्या."

सदाशिवरावांनी लाल पिशवी सायकलवरून काढली. "मंग तुमच्या जागेचं काय, लालीबाई?"

"शेठले खरं सांगा. खोट्यावर माल भरला तं तो पडून सडते. माया टाका असा सडलेला मले पाहवणार नाई."

मुनीमजींनी लाल पिशवी पांढरीत उलटी केली. त्या रिकाम्या पिशवीची त्यांनी दोनदा नीट घडी केली. निघायचं तर त्यांच्या जिवावर आलं होतं.

"साऱ्यायले इचारलं," ते म्हणाले. "तुमाले काय पायजे, ते राहूनच गेलं."

"मले?" लालीबाई हसली. "मोठ्या नेढ्याची सुई भेटली तं पाहा. आता दिसत नाई. दोरा जमनीच ओवून देत होती."

सदाशिवरावांनी एक चिंचोका उचलला. त्याच्यासाठी पिशवी नव्हती. त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात टाकला आणि सायकलला टांग मारली.