बोल्टवरचा नंबर

माणसानं माणसावर विश्वास ठेवला म्हणून जग चाललं आहे, असं मधुसूदनराव कचेरीतल्या प्रत्येक निरोपसमारंभात सांगत. सांगून झालं की खिशातलं पेन जागेवर आहे ना, ते चाचपून बघत.

निवृत्तीनंतर त्यांनी यवतमाळच्या रायफल क्लबात नाव घातलं आणि दारव्ह्याच्या बाबारावांकडून जुनी लष्करी टू-टू रायफल रीतसर परवान्यावर घेतली. एकेकाळी तिच्यावर जवान नेमबाजी शिकले होते. आता नळीला गंज होता आणि दस्त्यावर बोटभर मळ. महिन्याभरानंतरच्या रविवारी होणाऱ्या निवडीतून साठीपुढच्या गटातला एकच जण राज्यस्पर्धेला जाणार होता. तो आपणच, हे त्यांनी बायकोला सांगूनही टाकलं होतं.

पंचाईत एवढीच, की असली रायफल दुरुस्त करणारे गावात एकटे सुभेदार धर्मपाल. फौजेत आयुष्यभर त्यांनी हेच केलं, आता बंदूकदुरुस्तीचं परवानाधारक दुकान होतं. आणि रविवारी त्याच गटात तेही उतरणार होते.

म्हणून मधुसूदनराव दुकानात स्टूल टाकून बसले. तीन आठवडे. नजर सतत बोल्टवर, गोळी नळीत सारणाऱ्या दांड्यावर.

"काहून असे पाहून राह्यले साहेब? बोल्ट गिळून टाकीन काय मी?"

"छे हो, सहजच. हे तेल जवसाचंच ना? हल्ली सगळ्यात सोयाबीन घालतात."

"घ्या, चाटून पाहा."

मधुसूदनरावांनी चाटून पाहिलं. जवसाचंच होतं. दस्ता तपकिरी उजळला, नळी आतून आरशासारखी झाली. घरी येऊन त्यांनी बोल्टवरचा नंबर, दुरुस्तीला देण्याआधी वहीत टिपून ठेवलेल्या नंबराशी ताडून पाहिला. तंतोतंत जुळला. तेव्हा मात्र त्यांची खात्रीच पटली, की काहीतरी काळंबेरं आहे. इतकं जुळलेलं त्यांनी कचेरीत कधी खरं मानलं नव्हतं.

रविवारी दोघं शेजारीशेजारी पालथे झोपले. प्रत्येकी दहा गोळ्या. मधुसूदनराव दर गोळीआधी मान वळवून सुभेदारांचा हात बघत, त्यांचा निशाण्याचा कागद बघत, मग चाप ओढत.

पंच उज्ज्वलाताई कागद घेऊन आल्या. मधुसूदनरावांचा कागद कोरा होता.

"बोल्ट बदललाय!" ते उठून बसत ओरडले. "मी म्हणतच होतो!"

"बदलला असता तं गोळी सुटली असती काय?" सुभेदार म्हणाले. "ताई, माझा दाखवा बरं."

उज्ज्वलाताईंनी सुभेदारांचा कागद उजेडाकडे धरला आणि मोजायला लागल्या. चुकलं वाटून पुन्हा मोजलं.

वीस भोकं होती.