सात देश, एकोणीस जोड्या

लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून आम्ही युरोपला गेलो. लग्न पुढे चालू ठेवायचं की नाही हे ठरवायलाही गेलो. एका तिकिटात दोन कामं.

बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. लॅबच्या वरची एक खोली रिकामी झाली, तेव्हा तिने त्या खोलीची किल्ली आणून जेवायच्या टेबलावर ठेवली.

"टूरवरून आलो की मी तिथे राहायला जाईन. किंवा नाही जाणार. सातव्या देशात सांगते."

"सातव्याच का?"

"शेवटचा आहे म्हणून."

"आणि मी पाचव्यातच एकदम सुधारलो तर? दोन देश फुकट जातील."

तिने ताटं उचलली आणि नळ सोडला.

तिने जाऊ नये असं मला वाटत होतं. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण माझ्या वागण्यावरून कुणाला ते कळलं नसतं.

टूर खास लग्नाच्या वाढदिवसवाल्यांची होती. नऊ दिवस, सात देश, एकोणीस जोड्या. प्रत्येकाच्या छातीवर लग्नाला किती वर्षं झाली त्याचा बिल्ला. नावं कुणी विचारलीच नाहीत. सदतीसवाले काका-काकू होते, चारवाले होते (ते खिडकीवरून भांडत), एक एकवीसवाले होते, जे एकमेकांशी फक्त कॅमेऱ्यासमोर बोलत. आम्ही दहावाले. टूर मॅनेजर सतत टोपी घालायचा म्हणून त्याला सगळे कॅप्टन म्हणत.

कॅप्टनची मोजणीची एक पद्धत होती. अडतीस माणसं मोजण्यापेक्षा एकोणीस जोड्या मोजणं सोपं, असं त्याचं म्हणणं. बस निघायच्या आधी तो मधल्या वाटेने चालत यायचा आणि कडेला बसलेल्याला विचारायचा, "शेजारचा आहे?" तो किंवा ती म्हणायची, "आहे." की पुढची जोडी. आमच्यात कडेला बायको बसायची. तो तिला विचारायचा, मी खिडकीशी असायचो, ती म्हणायची आहे.

पहिल्या देशात आम्ही एक घड्याळ पाहिलं. दुसऱ्या देशात त्याहून मोठं घड्याळ पाहिलं. तिसऱ्यातलं दुरुस्तीला काढलं होतं, त्यामुळे त्याच्यावर टाकलेला पडदा पाहिला. मी म्हणालो, परतीच्या विमानापर्यंत आपल्याला वेळ नक्की कळायला लागेल. बस हसली. दुसऱ्या दिवशी कॅप्टनने माझ्या हातात माइकच दिला. सदतीसवाल्या काकू डोळे पुसत बायकोला म्हणाल्या, "नशीबवान आहेस गं! आमचे हे सदतीस वर्षांत दोनदा हसलेत. त्यातलं एकदा ठसका होता."

बायको हसली. मी बघितलं, ती हसली. मला वाटलं, काम होतंय.

चौथ्या देशातून पाचव्यात जाताना बस एका पेट्रोल पंपावर थांबली. पंधरा मिनिटं. मी टॉयलेटहून येत होतो, तर मागच्या बाजूला एक मालाची लिफ्ट उघडी पडलेली. एक जाडजूड मेकॅनिक तोंडात बॅटरी धरून कंट्रोल पॅनेलमध्ये डोकं घालून उभा. मीही लिफ्टचाच मेकॅनिक. डॉक्टर रस्त्यात पडलेल्या माणसापाशी थांबतो तसा मी थांबलो. बॅटरी त्याच्या तोंडातून घेऊन हातात धरली. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची. पण दाराच्या लॉकचा कॉन्टॅक्ट काळा पडला होता आणि ते दोघांनाही एकाच वेळी दिसलं. त्याने तो घासला, मी तार आवळली, लिफ्ट वर गेली. आम्ही हात मिळवले. टूर निघाल्यापासून मला इतकं कुणी समजून घेतलं नव्हतं.

बाहेर आलो तर बस नव्हती.

पहिली दहा मिनिटं मी निवांत होतो. मोजणीत काही चुकलं असणार, माझी रिकामी जागा दिसणार, बस वळणार. पुढची वीस मिनिटं मी रस्त्याकडे बघत होतो. मग मेकॅनिकने माझ्या खिशातलं हॉटेलचं कार्ड वाचलं, स्वतःच्या व्हॅनमधली तारांची भेंडोळी मागे ढकलली आणि मला बसायला खूण केली. माझा फोन बसमध्ये चार्जिंगला लावलेला होता. तासाभराने तोही तिला दिसला असेल असं मला वाटत राहिलं.

दीड तास व्हॅन चालली. मेकॅनिक गाणं म्हणत होता. मी एक विनोद तयार करत होतो. बायको काळजीने अर्धी झाली असेल, तेव्हा आत शिरताना काय म्हणायचं? तीन वेगवेगळी वाक्यं जमवली.

हॉटेलात शिरलो तेव्हा सगळे काउंटरपाशी किल्ल्या घेत होते. कॅप्टन माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, तुम्ही सामान नाही घेतलं?"

"मी आत्ता आलो."

"कुठून?"

"मागच्या देशातून."

कॅप्टनने टोपी काढली. टोपीखाली पूर्ण टक्कल आहे हे तेव्हा सगळ्यांना कळलं. "अहो, पण ताई म्हणाल्या ना! मी विचारलं, शेजारचा आहे? त्या म्हणाल्या, आहे!"

सगळ्यांनी बायकोकडे बघितलं. ती दोन्ही बॅगा धरून उभी होती, तिची आणि माझी.

"डोळा लागला असेल गं तुझा," सदतीसवाल्या काकू घाईघाईने म्हणाल्या. "आता मी तर ह्यांना सोडून दुसऱ्याच बसमध्ये चढले होते परवा."

लोक हसले. माझ्याकडे तीन वाक्यं होती. एकही आठवेना.

लॅबमध्ये बायको रोज दीडशे नळ्या हाताळते. दहा वर्षांत एका माणसाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलेलं नाही. नळी हातात घेतली की आधी माणसाचा चेहरा बघते, मग चिठ्ठी. त्यामुळे चुकून म्हणाली असेल ह्यावर माझा एक मिनिटही विश्वास बसला नाही. खोलीत आलो. दोन वेगळे पलंग एकमेकांना लावून वर एकच चादर घातली होती, वाढदिवसाची जोडी म्हणून.

"सीट रिकामी होती," मी म्हणालो.

"हो."

"बघितलंस तू?"

"बघितलं."

"मग?"

ती पलंगाच्या कडेला बसली. चपलांचे पट्टे सोडवले. "तोंडातून निघून गेलं आधी. मग म्हटलं, सांगू कॅप्टनला, थांबा म्हणून. आणि नाही सांगितलं. म्हटलं पुढच्या वळणापर्यंत बघू कसं वाटतं."

"कसं वाटलं?"

"झोप लागली."

अजून काहीतरी असेल असं वाटलं.

"दोन तास," ती म्हणाली. "अशी झोप मला दीड-दोन वर्षांत लागली नव्हती. उठले तेव्हा तोंडातून लाळ गळत होती. मग घाबरले. खूप घाबरले, खरंच. कॅप्टनला सांगायला उठणार तेवढ्यात हॉटेल आलं आणि तू आलास."

"मी घोरतो का?"

"तू शेजारी असलास की मला तयार राहावं लागतं. कधी काय बोलशील. बोललास की हसायचं असतं. सगळे बघतात ना, हिला हसू आलं का." ती आवाज न चढवता बोलत होती, नळ्यांवर नंबर टाकते तशी. "बाबा गेले तेव्हा हॉस्पिटलची लिफ्ट अडकली होती. आठवतं?"

आठवत होतं. सासरे आत स्ट्रेचरवर, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये. मी बाह्या सरसावून ती चालू केली आणि जमलेल्या नातेवाइकांना म्हणालो, सासऱ्यांनी शेवटपर्यंत जावयाला कामाला लावलं. सगळे हसले. मावशी तर रडता रडता हसल्या. अजूनही लोक सांगतात तो किस्सा.

"मी पण हसले," बायको म्हणाली. "माझा बाप आत होता आणि मी हसले."

मी सॉरी म्हणालो. कसं म्हणालो देव जाणे, पण तिने माझ्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं, पुढे काही येतंय का म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी कॅप्टनला सांगितलं की मला मागे मळमळतं. त्याने मला ड्रायव्हरच्या शेजारची घडीची सीट दिली. माइक मी चारवाल्याला दिला. त्याने त्यावरून स्वतःच्या बायकोची तक्रार केली. पाचवा आणि सहावा देश मी समोरच्या काचेतून पाहिला. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक लांबट आरसा होता. त्यात मागून पाचवी रांग दिसायची. बायको दोन्ही सीटवर आडवी, पाय पोटाशी, तोंड उघडं. घाट आला, बोगदे आले, चारवाले ओरडले, ती उठली नाही. मी तिला इतका वेळ सलग कधी बघितलं नव्हतं. आरशात सुंदर दिसत होती. उठवून सांगावंसं वाटलं, तिथेच तर सगळी गोची होती.

"उलटी होते तरी हिला त्रास नको म्हणून पुढे जाऊन बसलाय," सदतीसवाल्या काकू नवऱ्याला ऐकवत होत्या. "शिका काही."

सातव्या देशात एक मोठा चौक होता आणि तासभर मोकळा वेळ. आम्ही एका बाकावर बसलो. तिच्या डोळ्यांखालचं काळं गेलं होतं. पाच वर्षांनी लहान दिसत होती. मला उत्तर तिच्या तोंडावरच दिसलं.

"मी तिकडे राहायला जाते," ती म्हणाली.

"बरं."

कबुतरं आली, गेली. एकवीसवाले आमच्यासमोर उभे राहिले, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला आणि हात काढून दोन दिशांना चालते झाले. माझ्या तोंडाशी वाक्य आलं होतं, चांगलं होतं. मी ते गिळलं. तिची पुस्तकांची तीन खोकी, शिलाई मशीन, आईकडून आलेलं लोखंडी कपाट माझ्या डोळ्यांसमोर आलं. कपाट दोघांना उचलत नाही, चार माणसं लागतात.

"त्या खोलीला लिफ्ट आहे का?" मी विचारलं.

मी खरंच विचारलं होतं.

बायकोने माझ्याकडे बघितलं, मग आजूबाजूला कोण बघतंय ते बघितलं, आणि हसली.