बँजोसाठी स्थळ

अठ्ठावीस वर्षं टपाल वाटल्यामुळे वर्ना हकालाला गावातली घरं पाठ होती. कुणाच्या दारापुढचा बर्फ वेळेवर उपसला जातो, कुणाच्या अंगणात फुटक्या काचा पडलेल्या असतात, कोण कुत्र्याला दिवसभर साखळीला बांधून ठेवतं, हे तिला कुणाला विचारावं लागत नसे. निवृत्त झाल्यावर ती बेवारस कुत्र्यांना घर मिळवून देणाऱ्या एका लहानशा संस्थेत जाऊ लागली, तेव्हा घरं तपासायचं काम आपसूक तिच्याकडे आलं. घर मिळेपर्यंत एखादं कुत्रं ती स्वतःकडेही ठेवून घेई. सहा वर्षांत अशी एकोणीस कुत्री तिच्या घरातून पुढे गेली होती, आणि एकाच्याही निरोपाला तिचे डोळे भरून आले नव्हते.

विसावा बँजो. अकरा महिन्यांचा, तपकिरी-पांढरा, पाय अंगापेक्षा लांब. दक्षिणेकडच्या एका खचाखच भरलेल्या आश्रयघरातून दोन दिवस व्हॅनमध्ये बसून तो मिनेसोटात आला. पहिल्या घरून तो नऊ दिवसांत परत आला. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘स्वभावानं गोड आहे, पण आम्ही थकलो.’ त्यानं सोफा फाडून आतला कापूस जिन्यावर पसरला होता.

वर्नाकडे त्यानं सोफ्याला हात लावला नाही, पण बाकी काही सोडलं नाही. तळघरातल्या टोपलीतले बटाटे एकेक करून अंगणात नेऊन ठेवले. हातमोज्यांच्या जोडीतला नेहमी एकच पळवला. माणूस पाठमोरा दिसला की त्याला राहवत नसे. लांबून धावत येऊन तो पुढचे दोन्ही पाय पाठीवर टाकी आणि मग, आता तुझी पाळी, अशा थाटात मागे सरून वाट बघत राही. वर्ना टपालाच्या फेऱ्यांनी कमावलेल्या पायांवर घट्ट उभी राहायची आणि हसायची. तिला असं हसताना बघून तिचा नवरा रेइनोही हसायचा. तो बहात्तर वर्षांचा, जन्म लोखंडाच्या खाणीत काढलेला, मोजकं बोलणारा. गेल्या वर्षी त्याच्या हृदयाची झडप बदलली होती आणि तेव्हापासून त्याला रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू होत्या.

बँजोला स्थळं सांगून येऊ लागली. वर्ना एकेक घर बघून आली. शाळेतल्या मास्तरीणबाई दिवसभर बाहेर असतात, म्हणून नको. तळ्याकाठच्या जोडप्याच्या घरभर पांढरे गालिचे, म्हणून नको. तिसरं घर होतं कोरीन झुपानचं. ती आणि तिचा भाऊ लेनी गावाबाहेर बोटींची इंजिनं आणि बर्फावरच्या गाड्या दुरुस्त करत. तीन कुत्री, अंगणभर सुटे भाग, ताडपत्रीखाली झाकलेलं काय काय, आणि कुंपण कुठेच नाही, अगदी रस्त्याच्या बाजूलाही. त्यांची टपालपेटी वर्षानुवर्षं तारेनं बांधलेली असायची, हे वर्ना विसरली नव्हती. तिनं तिथल्या तिथे सांगून टाकलं की कुंपण नाही तर कुत्रा नाही. कोरीननं हुज्जत घातली नाही. हात पुसत नुसती मान हलवली.

संस्था चालवणारी डार्ला दिवसा जनावरांच्या दवाखान्यात कामाला होती. तिनं दुपारच्या सुट्टीत फोन केला.

“वर्ना, तू घरं बघतेयस की खुसपटं काढतेयस?”

“घरंच बघतेय,” वर्ना म्हणाली. आणि पुढे बोलली, “मी विचार करत होते, त्याला आम्हीच ठेवून घ्यावं.”

वर्नानं आजवर एकही कुत्रं मागितलं नव्हतं. डार्ला म्हणाली की आनंद आहे, फक्त अर्ज भरावा लागेल आणि घर तपासायला ती शनिवारी येईल, सगळ्यांच्या घरी जातो तसंच. वर्नाला ते लागलं. घरं तपासायची प्रश्नावली जिनं तयार केली तिचीच परीक्षा घ्यायची म्हणजे कमालच झाली. तरी तिनं अर्ज भरला, आणि शनिवारी कॉफी करून ठेवली.

डार्ला टेबलाशी बसून एकेक प्रश्न विचारत गेली. कुत्रा बारा-चौदा वर्षं जगला तर त्याला कोण बघेल? वर्ना तेव्हा ऐंशी पार करणार होती. तिनं भाचीचं नाव सांगितलं. बर्फ गोठून रस्ते निसरडे झाले की फिरवायला कोण नेईल? वर्ना म्हणाली, मी. घरात धक्का लागून पडू शकेल असं कुणी आहे का? वर्नानं तोंड उघडायच्या आत रेइनो म्हणाला, “नाही. कुणी नाही.”

तो ओट्याशी पाठमोरा उभा राहून दुधाचं भांडं शोधत होता. तेवढ्यात मागचं दार ढकलून बँजो अंगणातून आत आला. त्याच्या नखांचा आवाज फरशीवर झाला मात्र, रेइनोनं ओट्याची कड दोन्ही हातांनी गच्च धरली, मान खांद्यांत घेतली आणि डोळे मिटून घेतले.

बँजो त्याच्यापर्यंत पोचलाच नाही, टेबलावरच्या केकच्या वासानं वाटेतच वळला. पण रेइनो डोळे मिटून तसाच उभा होता. वर्नाला नवऱ्याची ही अशी पाठ माहीत नव्हती. ती उठली, त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या शर्टाची बाही तिनं वर केली. कोपरापासून खांद्यापर्यंत हात काळानिळा पडला होता.

“कधी?”

“मंगळवारी. मागच्या पायऱ्यांवर. तू औषधं आणायला गेली होतीस.”

“बोलला नाहीस.”

“तुला तो हवाय,” रेइनो म्हणाला. “इतक्या वर्षांत तू स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. म्हटलं, जरा जपून उभं राहायला शिकेन.”

वर्नानं बाही हलक्या हातानं खाली केली. डार्ला खिडकीबाहेर बघत राहिली. वर्ना टेबलाशी आली, तिनं अर्ज उचलला आणि आडवा फाडला. दुसऱ्या कुणाच्या घरात असं दिसलं असतं तर आपण जेवढा वेळ घेतला असता, तेवढाच तिनं इथेही घेतला. त्यानंतर मात्र ती बराच वेळ न्हाणीघरात नळ सोडून बसली होती.

बाहेर आल्यावर तिनं डार्लाला सांगितलं की झुपानांच्या घरी पुन्हा जाऊन यायचंय, आणि या खेपेला बँजोला घेऊन. आजवर ती घरं बघायला एकटीच जात आली होती. माणसांची घरं ती माणसाच्या डोळ्यांनी तपासत होती आणि ज्याला तिथे राहायचं तो घरी बसलेला असे. सहा वर्षांत हे आपल्या डोक्यात कसं आलं नाही, हे तिला उमगेना.

दुसऱ्या दिवशी गाडीतून उतरताना तिची नजर आधी रस्त्याकडे गेली. तिथे नवे लाकडी खांब उभे होते आणि तीन बाजूंना जाळी ठोकून झाली होती.

“जमीन गोठायच्या आत खड्डे खणून घेतले,” कोरीन म्हणाली.

“पण मी तर नाही म्हणून गेले होते.”

“तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं, हकालाबाई. याला नाही तर आमच्या तिघांना तरी उपयोग होईल.”

लेनीनं उरलेल्या बाजूला ट्रक आडवा लावला आणि वर्नानं बँजोचा पट्टा सोडला. तो सुटला तो थेट सगळ्यात म्हाताऱ्या कुत्रीकडे. मेबल तिचं नाव. काळी, जाडजूड, तोंड पिकलेलं. नेहमीसारखं लांबून धावत जाऊन बँजोनं तिच्या पाठीवर दोन्ही पाय टाकले. पुढच्या क्षणी तो उताणा होता आणि मेबल त्याच्या छातीवर पाय रोवून खर्जात गुरगुरत होती. वर्ना पुढे झाली. कोरीननं तिचं मनगट धरलं आणि म्हणाली की थांबा, ती चावत नाही, सांगतेय फक्त.

मेबल बाजूला झाली. बँजो उठला, अंग झटकलं, विचार केल्यासारखा उभा राहिला. मग पुन्हा गेला, पण या वेळी समोरून, मान खाली घालून, हळू. मेबलनं त्याला हुंगू दिलं. वर्नानं तीन आठवडे बिस्किटं चारून जे शिकवायचा प्रयत्न केला होता, ते त्या म्हातारीनं एका फटक्यात शिकवलं होतं. तेवढ्यात बाकीची दोघं आली आणि चौघांची जी पळापळ सुरू झाली ती बोटींच्या सांगाड्यांखालून, टायरांवरून, लेनीच्या पायांमधून पाऊण तास चालली. वर्नाला ज्या पसाऱ्याची शिसारी आली होती त्यातला कोपरान्‌कोपरा बँजोच्या कामी आला.

मग तो थांबला. मेबल उन्हात पोत्यावर पडली होती. तिच्या पाठीला पाठ लावून बँजो आडवा झाला आणि त्याचा डोळा लागला.

वर्ना बघत राहिली. तिच्या घरी तो दिवसा कधीच आपणहून झोपला नव्हता. सारखा उठायचा, येरझाऱ्या घालायचा, काहीतरी तोंडात धरून आणायचा. त्यालाच ती खुशी समजत होती.

कोरीननं कॉफी दिली. कप कडेला तुटका होता, पण कॉफी चांगली होती. चौथी बाजू गुरुवारी बंद झाली आणि शुक्रवारी बँजो तिकडे राहायला गेला. त्याचा पट्टा आणि वाडगा द्यायला वर्ना स्वतः गेली होती. या वेळी तिचे डोळे भरून आले, आणि तिनं ते वाहू दिले. लेनीनं तिला एक जुना पण स्वच्छ रुमाल आणून दिला आणि तो इंजिनाकडे परत गेला.

पुढच्या आठवड्यात तिनं प्रश्नावलीत सगळ्यात वर एक ओळ घातली, की घर बघायला जाताना कुत्रा सोबत हवा. मग सुताराला बोलावून मागच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा बसवून घेतला. सुतार गेल्यावर रेइनो कठड्याला धरून खाली उतरला, पुन्हा वर आला आणि म्हणाला, “अंगण फारच शांत झालंय गं.”

“हो,” वर्ना म्हणाली. “रविवारी कोरीननं बोलावलंय. तू येणार असलास तर कुंपणाबाहेर खुर्ची टाकून देईन.”

“आतच टाक,” रेइनो म्हणाला. “फक्त मेबलच्या शेजारी.”